एक कार्बुरेटर कीं दोन ?

एक चूल कीं दोन, हा प्रश्न एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस नवा नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं तोच प्रश्न निराळ्या रूपानें येऊन उभा राहिला. फरक इतकाच कीं, तो स्वयंपाकघरांतील नसून इंजिनांतील होता.

बदलापूरच्या पूर्वेस खरवई हें एके काळचें खेडें. आतां तेथें औद्योगिक वसाहत आहे, आणि तिच्याच आसपास माझ्या पुतण्याचें इंजिनें दुरुस्त करण्याचें लहानसें दुकान आहे. मुलगा अभियांत्रिकीची पदविका घेतलेला, हाताचा कसबी, पण वयास साजेल इतका उतावळा. कोंकणपट्टींतील एका गृहस्थांनीं आपली जुनी जेट स्की टेंपोंतून त्याच्याकडे पाठविली व सोबत निरोप दिला : "हिचा एक कार्बुरेटर काढून दोन बसवा. खर्चाची काळजी नको." पुतण्यास हर्ष झाला. कार्बुरेटरांची एक जुनी, पण चांगल्या स्थितींतील जोडी त्यानें पदरचे पैसे घालून आणूनही ठेविली. रात्रीं जेवतांना त्यानें ही वार्ता सांगितली, तेव्हां त्याचे वडील, म्हणजे आमचे दादा, ताटावरून मान वर करून एवढेंच म्हणाले, "दोन कशासाठीं ?"

त्या एका प्रश्नावर आमच्या घरीं तीन रात्री वाद चालला. त्याचें सार वाचकांपुढें ठेवीत आहें.

जेट स्की म्हणजे पाण्यावरची मोटारसायकलच म्हणाना. तिला बाहेर पंखा नसतो; पोटांतील पंखा खालून पाणी ओढून मागें जोरानें फेंकतो, आणि त्या झोतानें यान पुढें धांवतें. उभ्यानें चालवावयाची जेट स्की कावासाकी कंपनीनें १९७३ सालीं बाजारांत आणिली. आकुर्डीच्या बजाज कंपनीनें १९८६ सालीं याच कावासाकीच्या साह्यानें 'केबी १००' ही मोटारसायकल काढिली होती, त्यामुळें हें नांव आपल्याकडील पुष्कळ घरांत ओळखीचें आहे. यामाहाचें 'सुपरजेट' १९९० सालीं आलें. हीं जुनीं यानें बहुधा दोन सिलिंडरांचीं व दोन-स्ट्रोक जातीचीं. कावासाकीच्या २०१७ च्या व यामाहाच्या २०२१ च्या नव्या उभ्या यानांत चार-स्ट्रोक इंजिन आलें, इंधन नेमकें फवारणारी विद्युत्-योजना आली, आणि कार्बुरेटर गेला. म्हणजे प्रश्न जुन्या यंत्रांपुरताच आहे. पण जुनें यंत्र जपून वापरण्याची आपली रीत पाहतां तो इतक्यांत मिटेल असें वाटत नाहीं.

आतां कार्बुरेटर म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. डांस मारण्याची जुनी फ्लिटची पिचकारी ज्यांनीं वापरली असेल, त्यांना तो चटकन् समजेल. नळीच्या तोंडावरून वारा वेगानें गेला कीं तेथील दाब उतरतो व खालचें औषध आपोआप वर चढून फवारलें जातें. कार्बुरेटरचा गळा मध्यें अरुंद असतो. तेथें हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि जेट नांवाच्या बारीक छिद्रांतून पेट्रोल ओढलें जातें. एक भाग पेट्रोलास वजनानें सुमारें १५ भाग हवा, हें त्याचें प्रमाण. मोटारसायकलच्या कार्बुरेटरांत पेट्रोलाची वाटी व तिच्यांत तरंगणारा गोळा असतो. जेट स्की मात्र कलंडते, उलटतेही. तेथें वाटींतील पेट्रोल जागेवर कसें राहावें? म्हणून तिच्या कार्बुरेटरांत वाटीऐवजीं रबरी पडदा असतो, आणि तोच सुईची उघडझाप करून पेट्रोल आंत सोडतो.

पुतण्याचा पक्ष गणिताचा होता. त्या यंत्रावर ४४ मिलिमीटर गळ्याचा एकच कार्बुरेटर होता. त्याचें तोंड सुमारें १५२० चौरस मिलिमीटर भरतें. ३८ मिलिमीटरांचे दोन बसविले तर दोहोंचें मिळून सुमारें २२६८ होतें, म्हणजे जवळजवळ दीडपट. शिवाय प्रत्येक सिलिंडरास आपापला कार्बुरेटर आणि समोरासमोर सरळ वाट. एकाच नळीला दोन फांटे फोडून हवा वाटून देण्याची यातायात नाहीं. पूर्ण वेगांत इंजिनास श्वास अपुरा पडत नाहीं, व शेवटचा जोर वाढतो. यांत खोटें कांहींच नव्हतें. सुपरजेटलाही पुढें ३८ मिलिमीटरांचे दोन कार्बुरेटर आलेच.

दादांचा पक्ष अनुभवाचा होता. १९८३ सालीं आपल्याकडे 'राजदूत ३५०' ही दोन सिलिंडरांची, दोन कार्बुरेटरांची गाडी निघाली. दादांनीं ती पुढें जुनी घेतली व तिच्यावर जिवापाड प्रेम केलें. एका रविवारीं त्यांनीं स्वहस्तें एक कार्बुरेटर उघडून लख्ख केला. दुसऱ्याची वेळ येईतों जेवणाची हांक आली, आणि तो 'ठीकच आहे' म्हणून तसाच राहिला. पुढल्याच आठवड्यांत माळशेज घाट चढतांना त्या न उघडलेल्या कार्बुरेटरच्या जेटमध्यें कचरा अडकला.  पेट्रोल कमी आलें कीं उष्णता वाढते. आवाजावरून दादांना कांहींच कळलें नाहीं, कारण दुसरा सिलिंडर ठणठणीत ओढीत होता. अखेर तापलेला पिस्टन जाम झाला व मागचें चाक अडलें. क्लच वेळेवर दाबला गेला म्हणूनच निभावलें. मागें वहिनी बसल्या होत्या.

इतका वेळ वाढण्यांत गुंतलेल्या वहिनी येथें प्रथमच बोलल्या : "तेव्हां रस्ता होता, पाय टेकविले. पाण्यांत काय टेकवाल ?"

पुतण्या निरुत्तर झाला नाहीं. तरुणानें होऊंही नये. पण दुसऱ्या दिवशीं त्यानें त्या गृहस्थांस फोन करून यान कोण चालविणार, कोठें चालविणार आणि शर्यतींत उतरावयाचें आहे काय, हें विचारलें. उत्तर आलें : त्यांचा मुलगा व त्याचे दोन मित्र, तिघेही शिकाऊ, किनाऱ्याजवळच, आणि शर्यत नाहीं.

येथें प्रश्नाचा निकाल लागला. शिकाऊ मनुष्य उभ्या यानावरून वारंवार पडतो. पडला कीं मनगटास बांधलेली दोरी निघून इंजिन बंद होतें, असें पुष्कळ यानांत असतें. मग पाण्यांत तरंगत तें पुन्हां सुरू करावें लागतें. त्या वेळीं हवा असतो तो तळचा ओढा, माणसास पाण्यांतून उचलून उभा करणारा. दोन सिलिंडरांचे पिस्टन आळीपाळीनें वर-खालीं होतात. म्हणून एकच कार्बुरेटर असला तर दोघेही पाळीपाळीनें त्याच्यांतूनच हवा ओढतात, कमी वेगांतही त्याच्या गळ्यांतील वारा जिवंत राहतो आणि खटका दाबतांच इंजिन उत्तर देतें. दोन कार्बुरेटरांचा खरा लाभ वरच्या वेगांत. आणि तोही सायलेन्सर, हवेच्या पत्त्या व पाणी फेंकणारा पंखा त्या जोडीस साजेसे असतील तरच. नुसतें नाक मोठें करून छाती रुंद होत नाहीं. उलट दोन्ही झडपा एका क्षणीं उघडतील असें जुळवणें, जेट दोहोंकडे पारखणें, पडदे व सुया दुप्पट बदलणें, आणि दोहोंपैकीं एक उपाशी राहिला तर तें वेळेवर ओळखणें, हीं कामें मात्र जन्माचीं लागतात.

तेव्हां नियम असा : शिकण्यास, हौसेस, व जेथें चांगला मेस्त्री जवळ नाहीं तेथें एक, शर्यतीस, लांब सरळ धांवेस, व ज्यास दर महिन्यास यंत्र उघडण्याची आवड आहे त्यास दोन. दोन बसवाल तर एकास हात लावतांच दुसऱ्यासही लावा, आणि दोन्ही प्लग काढून शेजारीं ठेवून पहा. दोन्ही बदामी असावेत. एक पांढरट दिसला तर त्या बाजूस पेट्रोल कमी पोंचतें आहे असें समजून यान पाण्यांत घालूं नका.

पुतण्याचा एक मोह अजून उरला होता. यान उल्हास नदींत घालून पाहावें, असें त्याच्या मनांत होतें. दादांनीं तें साफ मोडून काढिलें. याच नदीवरील बदलापूरच्या बंधाऱ्यांतून बदलापूर-अंबरनाथचें पिण्याचें पाणी उचललें जातें. कार्बुरेटरच्या दोन-स्ट्रोक इंजिनांतून पेट्रोल व तेल यांचा सुमारें चौथा हिस्सा न जळतांच बाहेर पडतो. याच कारणानें अमेरिकेंतील टाहो सरोवरावर १९९९ सालापासून असल्या इंजिनांना मनाई झाली. मग दुकानांतच बागेची नळी लावून चांचणी घेतली : आधीं इंजिन सुरू, मागून पाणी, बंद करतांना आधीं पाणी, मागून इंजिन. हा क्रम चुकला तर पाणी सिलिंडरांत शिरतें.

जुन्या एका कार्बुरेटरलाच नवे पडदे, नवी सुई व नव्या नळ्या घालून यान परत गेलें. बिल अर्थात् लहान झालें. मनांत धरलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्शाइतकेंही नव्हतें. गृहस्थ प्रथम किंचित् खट्टू झाले; पण पंधरवड्यानें त्यांचा निरोप आला कीं, मुलें दिवसभर पडतात आणि यंत्र दर वेळीं पहिल्याच दाबाला सुरू होतें.

ती कार्बुरेटरांची जोडी खरवईच्या दुकानांत फळीवर कापडांत गुंडाळून ठेविलेली आहे. तिचे पैसे अद्याप अडकलेलेच आहेत. पुतण्या तिच्याकडे अधूनमधून पाहतो, धूळ झाडतो आणि पुन्हां गुंडाळून ठेवितो. तिचें खरें गिऱ्हाईक येईल तेव्हां येवो.