विकलेल्या मालाची जबाबदारी : एका जुन्या रिव्हॉल्व्हरचा धडा

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी आपल्या बहुतेक दुकानांत गल्ल्याच्या वर टांगलेली असते. आमच्याही कापडाच्या पेढीवर ती कित्येक वर्षे होती. पण मालात मुळातच खोट असेल आणि ती वीस-तीस वर्षांनी कळली, तर विकणाऱ्याने काय करावे? याचे उत्तर आम्हाला कापडबाजारात नाही, अमेरिकेतील एका बंदूक कारखान्याच्या हकिगतीत मिळाले. हत्यारांशी आमचा काही संबंध नाही. पण हकिगत व्यापाराची आणि कारागिरीची आहे, म्हणून वाचकबंधूंपुढे ठेवत आहोत.

कनेक्टिकट राज्यातील स्टर्म रुगर ही कंपनी १९४९ साली सुरू झाली. १९५३ साली तिने 'सिंगल-सिक्स' आणि १९५५ साली 'ब्लॅकहॉक' ही रिव्हॉल्व्हर बाजारात आणली. घाट जुनाच, म्हणजे कोल्ट कंपनीच्या १८७३ सालच्या नमुन्याचा. गोळी झाडण्यापूर्वी प्रत्येक वेळी मागचा घोडा अंगठ्याने ओढायचा आणि मग चाप दाबायचा. माल मजबूत आणि भाव परवडणारा, त्यामुळे खप भरपूर झाला.

खोट होती ती घोड्याच्या विसाव्यात. घोडा पूर्ण खाली असला की तो थेट फायरिंग पिनवर टेकत असे आणि पिनेचे टोक काडतुसाच्या टोपीला लागत असे. अशा स्थितीत हत्यार हातातून निसटले आणि घोड्यावर आपटले, तर चाप न दाबताही गोळी सुटे. घोडा थोडा मागे अडकवून ठेवण्यासाठी एक खाच होती, पण जोराचा धक्का बसला की ती दगा देऊ शके. म्हणून जाणकार लोक सहा घरांपैकी पाचच भरत आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवत. ज्याला हे ठाऊक नव्हते, तो मात्र सहाही घरे भरून जीव धोक्यात घालत होता.

यावर उपाय नव्हता काय? होता, आणि तोही जुना. घोडा आणि पिन यांच्यामध्ये एक छोटी सरकती पट्टी बसवायची. चाप मोकळा असताना पट्टी खाली राहते आणि घोडा पिनेऐवजी सांगाड्यावर टेकतो. चाप पूर्ण दाबला की पट्टी वर येते आणि घोड्याचा ठोका पिनेपर्यंत पोहोचवते. आयव्हर जॉन्सन ही दुसरी अमेरिकन कंपनी विसाव्या शतकाच्या आरंभीच, घोड्यावर खुशाल हातोडी मारून पाहा, अशी जाहिरात करीत असे. रुगरने ही पट्टी १९७३ सालच्या नव्या नमुन्यात घातली.

पण आधी विकलेल्या नगांचे काय? अशाच अपघातात जखमी झालेल्या एका इसमाचा खटला अलास्का राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचा निकाल १९७९ साली लागला. सुधारणेचा खर्च नगामागे दोन डॉलरही नव्हता, असे पुराव्यात निघाले होते. ज्यूरीने दंडादाखल सुमारे २९ लाख डॉलर भरपाई ठरवली होती. ही रक्कम न्यायालयाने अवाजवी मानून पुष्कळ कमी केली, पण दंड मुळातून रद्द केला नाही. दोन डॉलर वाचवायला जाऊन केवढा हिशेब अंगावर आला, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

१९८२ पासून कंपनीने जुने रिव्हॉल्व्हर मोफत सुधारून देण्याची योजना चालू केली. बाजूला तीन स्क्रू दिसले की नग जुना, ही ओळख. मालकाने हत्यार कारखान्यात पाठवायचे. तेथे घोडा, चाप आणि पट्टी असे नवे भाग बसवले जातात. हे भाग सुटे विकले जात नाहीत, कारण जोडणीत चूक झाली तर उपायच अपाय ठरेल. काढलेले मूळ भाग मालकाला परत मिळतात.

तरीही पुष्कळ मालक हत्यार पाठवत नाहीत. जुन्या वस्तूंच्या शौकिनांत न बदललेल्या नगाला जास्त भाव येतो ना! थोड्या भावासाठी जिवाचा धोका पत्करणारा ग्राहक जगात सगळीकडे सारखाच.

आमच्या कारागीरबंधूंना येथे एक इशारा. घिसाडकामात किंवा लेथवर आपला हात कितीही बसलेला असो, कोणाच्याही हत्याराच्या चापाला किंवा खाचेला कानस लावू नका. खाच केसभर जरी घासली गेली, तरी चाप हलक्या स्पर्शाने सुटू शकतो. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय बंदुकीची नुसती दुरुस्ती करणेही गुन्हा आहे. असे काम आले तर सरळ परवानाधारकाकडे पाठवावे.

आणि व्यापारीबंधूंना एवढेच सांगणे की खोट दिसताच ती काढणे सर्वांत स्वस्त पडते. उशिरा काढली तर महाग पडते, पण तरीही काढावीच लागते. आमच्या पेढीवरची ती पाटी आम्ही उतरवली आहे.