आज्ञावली आणि बोलणी

सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकाची आज्ञावली, ही एकट्याने टेबलाशी बसून करण्याची गोष्ट आहे, असा आपल्या महाविद्यालयांतून सार्वत्रिक समज दिसतो. परीक्षेत ती एकट्यानेच लिहावी लागते आणि गुणही एकट्यालाच मिळतात. तेव्हा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु येथून बाहेर पडून माधापूर-गच्चीबावलीच्या कचेऱ्यांत जाणाऱ्या विद्यार्थ्याला थोड्याच दिवसांत निराळे चित्र दिसते. तेथे दिवसाचा मोठा भाग दुसऱ्याचे लिहिलेले वाचण्यात, विचारण्यात आणि सांगण्यात जातो. हा वेळ वाया जातो की कारणी लागतो, हे माणसांची मांडणी कशी केली आहे यावर ठरते.

उदाहरण आपल्या दारातलेच घेऊ. १९८५ साली दिल्लीत रेल्वेच्या आरक्षणासाठी प्रायोगिक रीत्या संगणक बसवण्यात आला. ‘इम्प्रेस’ नावाची ही आज्ञावली सी. एम. सी. या त्या वेळच्या सरकारी कंपनीने तयार केली होती. त्यापूर्वी आरक्षणाची नावे जाड वह्यांतून लिहिली जात. संगणक आल्यावर प्रवाशांचा मोठा त्रास वाचला, आणि पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद येथेही ही सोय झाली. मात्र प्रारंभी या पाचही ठिकाणच्या व्यवस्था एकमेकींपासून अलग होत्या. सिकंदराबादच्या खिडकीवरच्या कारकुनाला समोरच्या पडद्यावर दिल्लीच्या यंत्रातील रिकाम्या जागा दिसत नसत. परतीच्या तिकिटासाठी पूर्वीप्रमाणेच दुसऱ्या शहराच्या उत्तरावर विसंबून राहावे लागे.

याला त्या काळच्या दूरध्वनीच्या तारांची अवस्था कारण होती, हे खरेच. पण तेवढेच कारण नव्हे, असे मला वाटते. रेल्वेचा कारभारच विभागवार चाले. आपली दक्षिण मध्य रेल्वे १९६६ पासून सिकंदराबादेहून कारभार पाहते, तसे इतर विभाग आपापल्या ठिकाणाहून पाहतात. जसा कारभार तशी यंत्रे. १९८६ मध्ये सबंध रेल्वेच्या माहितीव्यवस्थेसाठी ‘क्रिस’ ही एकच संस्था स्थापन झाली. तिने ‘कॉन्सर्ट’ ही नवी आज्ञावली तयार केली, आणि ती सर्वप्रथम सप्टेंबर १९९४ मध्ये सिकंदराबादेस सुरू झाली, ही आपल्या शहराला भूषणावह गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही. एप्रिल १९९९ पर्यंत पाचही केंद्रे जोडली गेली. म्हणजे आधी एका छपराखाली माणसे आली आणि मग यंत्रे एक झाली.

मेल्विन कॉन्वे या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६८ साली एका लेखात नेमके हेच सांगितले होते. एखादी संस्था जी व्यवस्था निर्माण करते, तिची ठेवण त्या संस्थेतील माणसांच्या आपसांतील बोलण्याच्या वाटांसारखीच होते. त्याने दिलेला दाखला गमतीचा आहे. एका संस्थेत आठ माणसांना दोन भाषांतरक आज्ञावल्या करावयाच्या होत्या. पाचजण ‘कोबोल’कडे दिले, तिघे ‘अल्गोल’कडे. काम संपले तेव्हा कोबोलची आज्ञावली पाच टप्प्यांची झाली होती आणि अल्गोलची तीन! फार लांब कशाला, हा आपला वार्षिक अंकच पाहा. मराठी व कन्नड विभागांचे संपादक निराळे, म्हणून अंकही मधोमध दुभंगलेला. एकाच विषयावर दोन्ही भाषांत लेख आले तरी त्यांची एकमेकांशी ओळख होत नाही.

आता कोणी म्हणेल, मग सर्वांनी सर्वांशी बोलावे. येथे गणित आडवे येते. पाच माणसांत बोलण्याच्या जोड्या १० होतात, दहांत ४५, आणि पन्नास माणसांत १,२२५. माणसे दहापट झाली की जोड्या शंभरपटीहून अधिक होतात. हा अनुभव फ्रेडरिक ब्रूक्स यांनी घेतला. १९६०च्या दशकात आय. बी. एम. कंपनीच्या ‘ओ. एस. ३६०’ या प्रचंड आज्ञावलीचे ते व्यवस्थापक होते. ऐन भरात त्या कामावर हजाराहून अधिक माणसे होती. १९७५ साली लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी असा निष्कर्ष काढला की, रेंगाळलेल्या आज्ञावलीच्या कामावर आणखी माणसे घातली तर ते आणखीच रेंगाळते. नव्या माणसाला शिकवायला जुन्याच माणसाला काम सोडून बसावे लागते. गहू निवडायला दहाजणी आल्या तर काम लवकर उरकते; पण अर्ध्यावर आलेल्या पुरणाच्या पातेल्यात दहा हात शिरले तर काय होते, हे घरोघरी माहीत आहे.

ब्रूक्स यांचा उपाय असा की, प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीची लेखी माहिती द्यावी. त्यासाठी ठेवलेली कामाची वही सहा महिन्यांत सुमारे पाच फूट जाड झाली. याउलट डेव्हिड पार्नास यांनी १९७२च्या सुमारास मांडले की, प्रत्येक भागाने आपले पोटातले पोटात ठेवावे. शेजाऱ्याला फक्त काय द्यायचे आणि काय घ्यायचे एवढेच सांगावे. हे ब्रूक्स यांना प्रथम पटले नव्हते. १९९५ च्या आवृत्तीत मात्र त्यांनी पार्नास बरोबर होते, मीच चुकलो होतो, असे मोकळेपणाने छापले. शास्त्रात असे कबूल करणारे विरळाच.

अर्थात ‘काय द्यायचे’ हे स्पष्ट बोलले गेले नाही तर पोटातले पोटात ठेवणे घातक ठरते. सप्टेंबर १९९९ मध्ये ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे अमेरिकेचे यान मंगळाजवळ नष्ट झाले. एका गटाची आज्ञावली आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत देत होती आणि दुसरा गट ते न्यूटन-सेकंदांत धरून चालला होता. दोन्ही गट आपापल्या कामात कुशल होते. नडली ती मधली सीमा.

ही सीमा हैदराबादेत आणखी एका कारणाने नाजूक झाली आहे. १९९८ साली मायक्रोसॉफ्टने येथे विकासकेंद्र काढले, त्याच वर्षी सायबर टॉवर्सची इमारत खुली झाली, आणि तेव्हापासून येथील असंख्य गटांचा निम्मा भाग समुद्रापलीकडे असतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे घड्याळ आपल्या मागे उन्हाळ्यात साडेबारा तास, हिवाळ्यात साडेतेरा. सकाळी दहाला येथे एक शंका निघाली, तर तेथे आदल्या रात्रीचे साडेनऊ किंवा साडेआठ वाजलेले असतात. प्रश्न अर्धवट लिहिला असेल तर उत्तराऐवजी उलट प्रश्न येतो आणि दोन दिवस जातात. शेजारच्या खुर्चीवर हेच काम दोन मिनिटांचे. शिवाय आपल्याकडे वरिष्ठाला “सर, हे समजले नाही” किंवा “हे शुक्रवारपर्यंत होणार नाही” असे म्हणणे उद्धटपणाचे मानले जाते. मान डोलावली जाते, आणि खरी बातमी शुक्रवारी संध्याकाळी कळते. माझ्या मते यात दोष तरुणांचा कमी आणि ऐकणाऱ्यांचा जास्त आहे.

आपल्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत चौघांचा गट असतो. बहुधा एकजण आज्ञावली लिहितो, दुसरा वही सजवतो आणि उरलेले दोघे तोंडी परीक्षेच्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून येतात. प्राध्यापकांना एक सुचवावेसे वाटते. कामाची वाटणी करण्यापूर्वी, कोणता भाग कोणत्या भागाला काय देणार, हे चौघांकडून एका कागदावर लिहून सह्यांनिशी घ्यावे. आणि तोंडी परीक्षेत प्रत्येकाला स्वतःचा नव्हे, तर शेजाऱ्याचा भाग चालवून दाखवायला सांगावे.