चिपवरील शेवटचा टप्पा

संदेश क्षीण असतो आणि त्याच्याकडून करून घ्यावयाचें काम बळाचें असतें. या दोहोंची सांगड घालणें हें ॲम्प्लिफायरचें कर्तव्य होय. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेवर जो विद्युत्‌दाब उमटतो तो सुमारें एक मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग असतो. ठोक्याच्या आरंभींची पहिली लहर तर त्याच्याही एकदोन दशांशांएवढीच असते. समजा, नंदुरबार जिल्ह्यांतील कळसाडी गांवीं एखाद्या आरोग्यसेविकेनें बॅटरीवर चालणाऱ्या, हातांत मावणाऱ्या यंत्रानें रोग्याच्या हृदयाचा आलेख घेतला. तेथें दोन गोष्टींची हमी हवी: ती इवलीशी लहर आलेखांत बिघडतां कामा नये आणि काम पुरें होण्यापूर्वीं बॅटरी संपतां कामा नये.

असलीं यंत्रें कल्पनेंतलीं नव्हेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत अंगावर वागविण्याजोग्या हृदयालेखयंत्राचें काम ‘सिलिकॉन लॉकेट’ या नांवानें झालें; आणि अशा यंत्रांसाठीं आटोपशीर व कमी वीज खाणाऱ्या चिपचें वर्णन तेथील संशोधकांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलें. अशा प्रकारच्या चिपांवर ज्या मंडलाची गरज पुनःपुन्हां पडते त्यास ऑपरेशनल ॲम्प्लिफायर म्हणतात. त्याचा पहिला टप्पा दोन दाबांतील फरक ओळखतो, मधला तो फरक वाढवितो, आणि शेवटचा, म्हणजे निर्गम-टप्पा, बाहेरच्या भाराला प्रत्यक्ष प्रवाह पुरवितो. पहिले दोन विचार करणारे, तर तिसरा राबणारा. म्हणूनच जागा आणि वीज यांचा मोठा वांटा तोच मागतो.

या टप्प्यांत दोन ट्रान्झिस्टर असतात. एक प्रवाह बाहेर ढकलतो, दुसरा आंत ओढतो. गिरणींतील पाळीबदलाचा दाखला येथें चपखल बसतो. पहिल्या पाळीचा कामगार निघून गेल्यावर दुसरा आला, तर मधल्या क्षणीं माग बंद पडतो. आणि दोघेही दिवसभर उभे राहिले, तर मजुरी दुप्पट पडते. १९६५ च्या सुमारास फेअरचाइल्ड कंपनीसाठीं बॉब विडलर यांनीं केलेल्या ७०९ या चिपेंत पहिला प्रकार होता: विश्रांतीच्या वेळीं दोन्ही ट्रान्झिस्टर बंद. त्यामुळें संदेश शून्याजवळून जातांना त्यांत खोट येई, आणि नाजूक लहरींचा वावर तर शून्याजवळच असतो. १९६८ मध्यें डेव्ह फुलागर यांनीं केलेल्या ७४१ मध्यें दोन्ही ट्रान्झिस्टर सदैव किंचित् जागे ठेवण्यांत आले. पाळ्या क्षणभर एकमेकींवर चढल्या आणि माग अखंड चालूं लागला. या मध्यम मार्गास ‘एबी वर्ग’ असें नांव आहे.

परंतु ७४१ ला अधिक १५ आणि उणे १५ असे मिळून ३० व्होल्ट मिळत. तिच्या मांडणींत वरच्या व खालच्या टोकाशीं निदान ०.६ ते ०.७ व्होल्ट वायां जात; तिसांतून दीड गेला तर कोण मोजतो? बॅटरीच्या ३ व्होल्टांतून मात्र तेवढाच गेला, तर निम्मी शिदोरी वाटेंतच सांडली असें होईल. यावर उपाय म्हणून ट्रान्झिस्टरांची मांडणी उलटी करतात. मग निर्गम दोन्ही टोकांच्या अगदीं जवळ पोंचतो. मात्र आतां त्यांचीं नियंत्रक द्वारें एकमेकांपासून दूर, वेगवेगळ्या टोकांशीं जखडलेलीं राहतात. त्यांचा मेळ कोणी ठेवावा?

याचें सुटसुटीत उत्तर नॅशनल सेमिकंडक्टरचे डेनिस मॉन्टिसेली यांनीं १९८६ मध्यें दिलें. त्यांनीं दोन द्वारांच्या मध्यें आणखी दोन लहान ट्रान्झिस्टर समांतर बसविले. एका पाटाचें ठराविक पाणी दोन चाऱ्यांत वांटावें, तसा एक स्थिर प्रवाह त्यांच्यांत विभागला जातो. विश्रांतींत वांटा सारखा असतो. एका बाजूवर भार पडला कीं एक चारी आटते आणि सारें पाणी दुसरींतून वाहतें. पण पाटांत आहे त्याहून अधिक पाणी कोणत्याही चारींत येणार नाहीं. या मर्यादेमुळेंच निष्क्रिय बाजूचा ट्रान्झिस्टर पुरता मिटत नाहीं. ठरल्या किमान प्रवाहावर तो जागा राहतो.

तरीही या नियंत्रणाला स्वतःचे प्रवाह-स्रोत लागत, आणि त्यांचा गोंगाट व दोष मूळ संदेशांत मिसळे. हॉलंडमधील डेल्फ्टचे हॉगरव्होर्स्ट, हाउसिंग व त्यांचे सहकारी यांनीं १९९४ मध्यें हें नियंत्रण मागील टप्प्यांतील, संदेश एकत्र करणाऱ्या मंडलाच्या पोटांतच बसविलें. एकच प्रवाह दोन्हीं कामें करूं लागला. वेगळे स्रोत गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा गोंगाटही गेला. तीन व्होल्टांवर चालणारा हा संपूर्ण ॲम्प्लिफायर ०.०४ चौरस मिलिमीटर जागेंत मावला. एका चौरस मिलिमीटरांत असे पंचवीस बसतील!

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. राबणारे दोन ट्रान्झिस्टर वाटेल तितके लहान करतां येत नाहींत. जेवढा भार तेवढी त्यांची रुंदी लागतेच. काटकसर करावयाची ती त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या मंडलांत. विश्रांतींतील प्रवाह थोडा, कामाच्या वेळचा मोठा, आणि दोहोंमध्यें कोठेंही खंड नाहीं: चांगल्या निर्गम-टप्प्याची हीच कसोटी आहे. ती उतरली म्हणजे दूरच्या गांवीं एका लहानशा बॅटरीवर काढलेल्या आलेखांतही हृदयाची सर्वांत लहान लहर वैद्याच्या नजरेपर्यंत जशीच्या तशी पोंचते.