डायलिसिसचे चार तास आणि घरातले बाकीचे दिवस

सख्यांनो, गटाच्या बैठकीत हल्ली एक शब्द वरचेवर कानावर येतो, डायलिसिस. कुणाचा नवरा, कुणाची सासू, कुणाचा पंचविशीतला भाऊ, तर कधी गटातलीच एखादी ताई. हप्ता का थकला विचारलं की हळूच उत्तर येतं, "आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जावं लागतं." बोलणं तिथंच थांबतं आणि वहीचं पान उलटतं. म्हणून या अंकात यावर जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी एक साधा हिशोब करू. आठवड्याचे तास १६८. एका वेळचं डायलिसिस साधारण चार तासांचं. दोनदा केलं तर आठ तास, तीनदा केलं तर बारा. उरलेले दीडशेच्या वर तास ते माणूस आपल्या घरात असतं. या तासांत ते काय खातं, किती पाणी पितं, हात कसा सांभाळतं, यावर पुढची खेप सुखाची जाणार की त्रासाची हे बरंचसं ठरतं. दवाखान्यात नर्स असतात, टेक्निशियन असतात. घरी स्वयंपाक करणारी आणि पाण्याचा तांब्या हातात देणारी बाई असते.

किडन्या म्हणजे मुठीएवढ्या दोन गाळण्या. रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी त्या रात्रंदिवस लघवीवाटे बाहेर काढतात. त्या निकामी झाल्या की हे काम मशीनकडून करून घ्यावं लागतं. रक्त नळीतून बाहेर येतं, बारीक पोकळ धाग्यांच्या गाळणीतून फिरतं आणि साफ होऊन परत अंगात जातं. अशा पहिल्या मशीनपैकी एक हॉलंडमधल्या विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, हाताशी असलेल्या सामानातून बनवलं होतं. त्यांचे पहिले बरेच रुग्ण वाचले नाहीत. १९४५ मध्ये जी पहिली वाचली ती ६७ वर्षांची एक बाई होती. (पोटाच्या पिशवीतून करायचं डायलिसिसही असतं. त्याचे नियम वेगळे, इथं आपण मशीनवरच्याबद्दल बोलतोय.)

गावात एक वाक्य फार फिरतं: "एकदा डायलिसिस लावलं की सुटत नाही, म्हणून लावूच नका." या एका वाक्यापायी लोक दवाखान्याच्या दारातून परत आलेले आहेत. खरं काय ते नीट समजून घ्या. साप चावल्यावर, लेप्टो झाल्यावर किंवा खूप जुलाब-उलट्या झाल्यावर किडनी अचानक बंद पडते, तेव्हा काही खेपा करून ती पुष्कळदा पुन्हा चालू होते आणि डायलिसिस सुटतं. साखरेने किंवा बीपीने वर्षानुवर्षं झिजून गेलेली किडनी मात्र परत येत नाही, म्हणून तिथं ते चालू राहतं. म्हणजे मशीनची सवय लागत नाही. किडनी गेलेली असते, इतकंच.

आता पाणी. सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात.

लघवी कमी झालेली किंवा थांबलेली असते, त्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच साठतं. एक लिटर पाणी म्हणजे वजनकाट्यावर एक किलो. दोन खेपांच्या मधे तीन-चार किलो वजन वाढलं, तर ते सगळं पाणी मशीनला चार तासांत ओढून काढावं लागतं. मग बीपी एकदम खाली येतं, पायात गोळे येतात, चक्कर येते, आणि घरी आल्यावर माणूस दिवसभर पडून राहतं. लोक म्हणतात डायलिसिसने अशक्तपणा येतो. त्यातला बराच भाग आधी साठलेल्या पाण्याचा असतो. पाणी फारच साठलं तर ते फुप्फुसात उतरतं. आडवं झोपलं की दम लागतो, रात्र बसून काढावी लागते. असं झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा.

दिवसाला किती प्यायचं हा आकडा डॉक्टर देतात. साधारण रीत अशी, की चोवीस तासांत जेवढी लघवी होते तेवढं, अधिक अर्धा लिटर. म्हणजे लघवी ३०० मिली होत असेल तर दिवसाला ८०० मिलीच्या आसपास. यात फक्त पाणी येत नाही. चहा, ताक, दूध, आमटी, पेज, बर्फ, कलिंगडाची फोड, सगळं यातच धरायचं.

सोपी पद्धत सांगते. सकाळी एका बाटलीत दिवसभराचं ठरलेलं पाणी मोजून भरा. चहा प्यायला दिला की तेवढंच पाणी बाटलीतून काढून दुसरीकडे ओता. वाटीभर आमटी दिली, तेवढं काढा. बाटली रिकामी झाली की त्या दिवसाचं संपलं. घरातलं फुलपात्र आणि चहाचा कप किती मिलीचा, ते औषधाच्या मापाने एकदा मोजून ठेवा. फुलपात्राऐवजी लहान कप द्या. तहान लागली तर चूळ भरून टाकायची, लिंबाची फोड चोखायची, औषधाच्या गोळ्या जेवणातल्या पाण्याबरोबरच घ्यायच्या. वजन रोज एकाच वेळी करून वहीत लिहा. गटाच्या हिशोबाची वही चालवणाऱ्या बाईला हे काही जड नाही.

आणि तहान कुठून येते ते बघा. मिठातून. लोणचं, पापड, सांडगे, फरसाण, सुकट, खारे बोंबील पानात असतील तर पाणी कमी प्या म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. सैंधव चालतं असं कुणी सांगेल, पण तेही मीठच. बाजारात 'कमी सोडियमचं' म्हणून मीठ मिळतं ते तर या रुग्णाला अजिबात देऊ नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि पोटॅशियम हाच या आजारातला छुपा धोका आहे.

हा क्षार चांगल्या किडनीवाल्याला उपयोगाचा. किडनी बंद असेल तर तो रक्तात साठतो आणि हृदयाचे ठोके बिघडवतो. कधी हातपाय गळून जातात, कधी काहीच कळत नाही आणि हृदय एकदम थांबतं. आता बघा, आजारी माणसाला भेटायला जाताना आपण काय नेतो? शहाळं, केळी, मोसंबी. मायेनंच नेतो, पण या तिन्हींत पोटॅशियम भरपूर. शहाळ्याचं पाणी तर दोन्हीकडून मारतं, पाणी वाढतं आणि पोटॅशियमही. पाहुण्यांना आधीच स्पष्ट सांगा, नाराज झाले तरी चालतील. संत्री, चिकू, आंबा, खजूर, सुका मेवा, टोमॅटोचं सार, बटाटा, रताळं, पालेभाज्या यांचंही तसंच. कमरख, कुणी करंबळ म्हणतात, ते आंबट फळ तर पूर्ण बंद. त्यातलं विष किडनीच्या रुग्णाच्या मेंदूवर जातं. सफरचंद, पेअर किंवा अननसाची एखादी फोड डॉक्टरांना विचारून देता येते. जुलाब झाले म्हणून ओआरएस पाजायचं असेल तरी आधी फोन करून विचारा, त्यातही पोटॅशियम असतं.

मग भाजी द्यायचीच नाही का? द्यायची, पण धुऊन. बटाटा किंवा फळभाजी सोलून बारीक चिरा, भरपूर कोमट पाण्यात दोनेक तास भिजत ठेवा, ते पाणी फेकून द्या. मग नव्या पाण्यात उकळा आणि तेही पाणी फेका. त्यानंतर फोडणी. पालेभाजी चिरून, उकडून, पिळून घ्या. वाफवून हा उपयोग होत नाही, आणि उकळलेलं पाणी 'सत्त्व आहे' म्हणून आमटीत घालायचं नाही. यानेही सगळं पोटॅशियम जात नाही, म्हणून वाढताना हात आखडता. घरातल्या बाकीच्यांची भाजी वेगळी करावी लागते, काम वाढतं, हे खरं आहे.

उलट एका बाबतीत लोक नको इतकी कपात करतात. डायलिसिस सुरू होण्याआधी डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, डाळ कमी, अंडी कमी, मटण बंद. डायलिसिस सुरू झाल्यावरही घरात तेच चालू राहतं. खरं तर मशीनवर अंगातली प्रथिनं थोडी वाहून जातात, म्हणून आता ती आधीपेक्षा जास्त लागतात. अंड्याचा पांढरा भाग, ताजी मासळी, कोंबडी, पनीर, मोजून डाळ, यातलं घरात जे चालतं ते किती द्यायचं ते आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या. माणूस दिवसेंदिवस वाळत चाललं असेल तर 'आजारच तसा' म्हणून गप्प बसू नका. खाज सुटत असेल तर तेही सांगा. त्यामागे बऱ्याचदा फॉस्फरस असतो. त्यावरची गोळी जेवणाच्या घासांबरोबर घ्यायची असते, जेवण झाल्यावर तासाभराने घेऊन तिचा फायदा होत नाही.

आता हात. मनगटाजवळ किंवा कोपराजवळ छोटं ऑपरेशन करून शीर आणि धमनी जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. तो तयार व्हायला दीड-दोन महिने किंवा जास्तही लागतात, म्हणून डॉक्टर आधीच करून घ्या म्हणतात तेव्हा टाळू नये. हा हात म्हणजे त्या माणसाची जगण्याची दोरी आहे. त्या हातावर बीपी मोजायचं नाही, सलाईन लावायचं नाही, रक्त काढायचं नाही, मग समोर कितीही मोठा डॉक्टर असो. त्या हाताने पाण्याची कळशी, सरपणाची मोळी उचलायची नाही. घट्ट बांगड्या, घड्याळ नको. झोपेत तो हात अंगाखाली येऊ द्यायचा नाही. रोज सकाळ-संध्याकाळ फिस्टुलावर बोटं ठेवून बघा, मांजर घुरघुरल्यासारखी थरथर लागते. ती लागली नाही तर त्याच दिवशी, त्याच तासाला निघा. उशीर झाला की तो बंद पडतो. घरी आल्यावर सुईच्या जागेतून रक्त आलं तर बोटाने नेमकं त्या जागी दाबून धरा, हात वर ठेवा. थांबत नसेल तर १०८ला फोन करा.

फिस्टुला तयार होईपर्यंत मानेत नळी असते. ती भिजवायची नाही, तिची पट्टी घरी उघडायची नाही. थंडी वाजून ताप आला तर गावातली तापाची गोळी देऊन वाट बघू नका. नळीतून जंतू रक्तात गेलेले असू शकतात.

औषधांचं थोडक्यात. अंगदुखीवर दुकानातून आणलेली गोळी नको, भस्म-काढे नकोत. इन्सुलिन घेणाऱ्याची किडनी गेली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकतं आणि साखर एकदम उतरते, तेव्हा डोस परत ठरवून घ्या. बीपीची गोळी डायलिसिसच्या सकाळी घ्यायची की नाही ते विचारा. रक्तवाढीचं इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवायचं, बर्फाच्या खणात नाही, आणि नेताना बर्फाच्या पिशवीसोबत न्यायचं. कावीळ-बीची लस घेतली का तेही बघा.

पैशाचं बोलू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा. केंद्र सरकारच्या २०१६च्या डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत सोय आहे. एसटीतही डायलिसिसच्या रुग्णांना प्रवास सवलत आहे, कागदपत्रं आगारात विचारून घ्या. पण मशीन फुकट असलं तरी गाडीभाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि इंजेक्शनं यांत घर खचतं. इथं गटाला करता येण्यासारखं आहे. हप्त्याची मुदत ठरावाने वाढवता येते. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असेल तर तो अशाच घरांसाठी असतो. एकाच केंद्रावर जाणारे दोन-तीन रुग्ण असतील तर त्यांचे वार जुळवून घेता येतात का ते विचारा, म्हणजे एका गाडीत भागतं.

आणि रुग्ण बाई असेल तर तिच्याकडे जास्त लक्ष ठेवा. नवऱ्याची खेप चुकत नाही, कारण बायको सोबत जाते. बाईची चुकते. "आज कापूस वेचायला माणसं लावलीत, पुढच्या वेळी जाईन" असं ती स्वतःच म्हणते. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि किडनी मिळणाऱ्यांत पुरुष जास्त आहेत, हे सरकारी नोंदींतच दिसतं. गटातल्या अशा ताईसोबत जायला दर खेपेला एकीची पाळी लावली, तर तिला कुणाकडे हात जोडावे लागणार नाहीत.

शेवटी पावसाळ्याचं. ओढ्याला पाणी आलं, रस्ता बंद झाला, लाईट गेली, की खेप चुकते. हवामानाचा इशारा आला की केंद्रावर फोन करून एक दिवस आधी नंबर मिळतो का विचारा. तरी अडकलात तर दवाखान्यात पोचेपर्यंत पाणी नेहमीच्या निम्म्यावर आणा, फळं, पालेभाजी, बटाटा पूर्ण बंद, मीठ जवळजवळ नाही, भात किंवा भाकरी थोड्या भाजीशी. दम लागला, छाती धडधडली किंवा पाय उचलेनासे झाले तर १०८. आणि केंद्राचा नंबर एकट्या मुलाच्या मोबाईलमध्ये न ठेवता स्वयंपाकघराच्या भिंतीवर, रुग्णाचा रक्तगट, औषधं आणि ठरलेलं वजन यांच्यासोबत मोठ्या अक्षरात लिहून लावा.