निरोपांचे गाव

जर्मनीच्या पश्चिम भागात हुन्सऱ्युक पठारावर हान नावाचे एक लहानसे खेडे आहे. त्याच्या शेजारी १९५२ पासून अमेरिकन वायुदलाचा तळ होता. सैनिकांमागोमाग त्यांचे संसारही तेथे आले. कुंपणाच्या आत डॉलर आणि इंग्रजी शाळा. बाहेर मार्क, भट्टीतला ताजा पाव आणि चर्चची घंटा. मुले दोन्हींकडे रुळत. परंतु काही वर्षांनी वडिलांची बदली ठरलेलीच. शेजार जुळतो न जुळतो, तोच सामान बांधावे लागे. १९९३ मध्ये तळ बंद झाला व तेथे नागरी विमानतळ झाला. जाणाऱ्या कुटुंबाने त्या गावाचा निरोप एकदाच घेतला. गावाने मात्र चाळीस वर्षे निरोपच दिले.