गळाले की गाळले?

शाळेच्या कामकाजात ‘ड्रॉप आउट’ हा इंग्रजी शब्द पालकांच्या कानावर नेहमी पडतो. ‘ड्रॉप’ म्हणजे पडणे, ‘आउट’ म्हणजे बाहेर. पण दोन्ही जोडले की अर्थ होतो, हाती घेतलेले शिक्षण किंवा स्पर्धा मध्येच सोडणे. पुढचा छोटा शब्द बदलला की अर्थही पालटतो. ‘ड्रॉप इन’ म्हणजे जाता जाता कुणाकडे डोकावणे.

मुलांनी वापर नीट शिकावा. ‘ही ड्रॉप्ड आउट ऑफ स्कूल’ हे वाक्य बरोबर. त्यातला ‘ऑफ’ विसरू नये. अशा मुलाला ‘ड्रॉपआउट’ म्हणतात. तेव्हा तो एकच शब्द म्हणून जोडून लिहितात.

व्याकरण झाले, आता न्याय पाहू. या वाक्यात कर्ता कोण? मूल. जणू त्यानेच शाळा सोडली!

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यातले काठी गाव राजवाडी होळीसाठी प्रसिद्ध आहे. सातपुड्याच्या या भागातून अनेक आदिवासी कुटुंबे पोटासाठी गुजरातेत ऊसतोडीला जातात. लेकरांना मागे कुणाच्या भरवशावर ठेवणार? तीही सोबत जातात आणि शाळा सुटते. अशा मुलाने शाळा सोडली, की परिस्थितीने त्याला शाळेतून ओढून काढले? आपली मराठी हा फरक एका कान्याने दाखवते. पान गळते ते आपोआप. गाळणारा मात्र कुणीतरी असतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे दुखणे 1927 साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडले होते. प्राथमिक शाळेत आलेल्या 100 मुलांपैकी फक्त 18 चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची 82 पुन्हा निरक्षर होतात, हे दाखवून त्यांनी शिक्षणावर जास्त खर्च करण्याची मागणी केली. दोष त्यांनी मुलांच्या माथी मारला नाही.

आज कायदा आपल्या बाजूने आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शाळा सुटलेल्या मुलाला वयानुसार वर्गात बसवावे लागते आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. सरकारी वा अनुदानित शाळेत नाव घालताना दाखला यायला उशीर झाला, तरी त्या कारणाने प्रवेश अडवता येत नाही. गाव किंवा राज्य बदलले तरीही नाही.

म्हणून पालकांनो, वस्तीतल्या मुलाला कुणी ‘ड्रॉपआउट’ म्हटले, तर आधी विचारा, त्याला कुणी गाळले? आणि मग त्याचा हात धरून शाळेत घेऊन जा.