चढावर दम सोडणारी बॅटरीगाडी

मोठी गृहसंकुले, रुग्णालये, धर्मशाळा, लग्नाची लॉन्स अशा ठिकाणी वृद्धांना व रुग्णांना फाटकापासून आत नेणारी छोटी विजेची गाडी आता सर्वांच्या परिचयाची आहे. मूळची ती गोल्फच्या मैदानावरची, म्हणून तिला गोल्फ कार्ट म्हणतात. आपल्यापैकी अनेकजण अशा संस्थांचे विश्वस्त वा खजिनदार असतात. सपाटीवर नीट चालणारी गाडी चढावर मंदावू लागली की एक तर चालकाला बोल लावला जातो, नाही तर ‘बॅटऱ्या गेल्या’ असे सांगून नव्या संचाचे दरपत्रक पुढे येते. सही करण्यापूर्वी क्रमाने तपासणी करून घ्यावी. त्यात संस्थेचा पैसा वाचतो आणि चढावर गाडी अडकून वृद्ध प्रवासी घाबरण्याचा प्रसंगही टळतो.

लक्षण ओळखा

सकाळी गाडी जोमात आणि दुपारनंतर मलूल, तर संशय बॅटरी किंवा चार्जरवर घ्यावा. पूर्ण चार्जनंतरही पहिल्या फेरीपासून जोर नसेल, तर ब्रेक, तारांची जोडणी व कंट्रोलर यांच्याकडेही पाहावे. गाडी अचानक थांबते व थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा चालते, तर तापलेला कंट्रोलर वा मोटार स्वतःचा बचाव करत असण्याचा संभव असतो. लिथियम बॅटरी असल्यास तिची संरक्षक यंत्रणाही असाच पुरवठा तोडते.

बिनखर्चाचे आधी

टायरमधील हवा पाहावी. गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये हाताने ढकलून पाहावी. ती जड चालली तर ब्रेक घासत आहे. त्यानंतर टर्मिनल तपासावेत. पांढरा-हिरवा थर किंवा सैल नट विजेची वाट अडवतो. फेरीनंतर एखादी जोडणी इतरांपेक्षा जास्त तापली असेल, तर दोष तिथेच असतो.

खरी परीक्षा भाराखाली

पुष्कळ गाड्या ४८ व्होल्टच्या असतात. लेड-ॲसिड संचात ८ व्होल्टच्या सहा किंवा ६ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. सर्वांतून एकच प्रवाह वाहतो, त्यामुळे एक दुबळी बॅटरी साऱ्या संचाला खाली ओढते.

पूर्ण चार्ज करून काही तास उभी ठेवलेली गाडी ५१ व्होल्टच्या आसपास दाखवते. पण या आकड्यावर विसंबू नये. खात्यात शिल्लक दिसते, पण पैसे काढायला गेल्यावर मिळत नाहीत, तशी ही गत असते. म्हणून मेकॅनिककडून भार देऊन प्रत्येक बॅटरीचे व्होल्टेज स्वतंत्र मोजून घ्यावे. ८ व्होल्टच्या इतर बॅटऱ्या साडेसातच्या वर असताना एखादी सातच्या खाली घसरली, तर दोषी सापडली. हायड्रोमीटरने ॲसिडची घनता पाहिल्यास पूर्ण चार्ज पेशीत ती साधारण १.२६५ ते १.२८० असते, पेशींमध्ये ०.०५० हून अधिक फरक पडला तर ती बॅटरी संशयास्पद समजावी.

बॅटऱ्या निर्दोष ठरल्या, तरच सोलेनॉइड, कंट्रोलर व मोटार यांची तपासणी जाणकाराकडे सोपवावी.

काळजी

प्लेट्स नेहमी द्रवात बुडालेल्या असाव्यात. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर भरावे. प्लेट्स उघड्या असतील तर त्या झाकण्यापुरते आधी घालावे. लेड-ॲसिड गाडी वापरानंतर चार्ज न करता दिवसेंदिवस ठेवू नये. प्लेट्सवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमून क्षमता घटते. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, म्हणून खोली हवेशीर असावी आणि जवळ दिवा, उदबत्ती वा विडी नसावी. काम करणाऱ्याने अंगठी, कडे, घड्याळ काढून हातमोजे व चष्मा घालावा.

खरेदी करताना

संच जुना असेल तर एकच नवी बॅटरी घालण्यात हशील नाही. जुन्यांच्या संगतीत तीही लवकर थकते. संच बराच नवा असेल, तर त्याच जातीची व क्षमतेची एक बदलता येते. जुन्या बॅटरीतील शिशाला मोल असते. ते बिलातून वजा करून घ्यावे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावी.

शेवटी, गाडीसाठी एक वही ठेवावी: तारीख, पाणी भरल्याची नोंद, दरमहा प्रत्येक बॅटरीचे व्होल्टेज. कोणती बॅटरी खचत आहे हे त्या वहीत महिने आधी दिसू लागते, आणि दरपत्रक आले की काय विचारायचे हेही विश्वस्तांना ठाऊक असते.